‘सगळ्या किल्ल्या एकाच जुडग्यात कशाला?’ : पासवर्ड मॅनेजरवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचे आक्षेप दोन ओळींत उरकण्यासारखे नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वैयक्तिक खात्यांसाठी पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एका कुलूपबंद तिजोरीत साठवून हवे तेव्हा भरून देणारा प्रोग्राम, कसा निवडावा यावर मी लिहिलं होतं. ही तिजोरी एकाच मुख्य पासवर्डाने उघडते, त्याला मास्टर पासवर्ड म्हणतात. त्यावर तुमचं म्हणणं असं की सगळ्या किल्ल्या एकाच जुडग्यात अडकवायच्या आणि तो जुडगा परक्या कंपनीकडे ठेवायला द्यायचा, यात कसलं आलंय शहाणपण? लास्टपास या पासवर्ड मॅनेजरच्या कंपनीचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. तुमच्याकडे एक वही आहे, डोक्यात पासवर्ड बनवायचं एक सूत्र आहे, आणि त्यावर तुमचं व्यवस्थित चाललंय. शिवाय उद्या कंपनीच बंद पडली किंवा माणूसच गेला तर काय, याबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. आणि एकंदरीत लेखाला जाहिरातीचा वास येतो.

जाहिरातीचं आधी मिटवू. कुणाकडून दमडी मिळालेली नाही, मिळणारही नाही. झालं.

आता लास्टपास. तुम्ही ‘हॅक झालं’ एवढं म्हणून पुढे गेलात, पण मेख तपशिलात आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये चोर कंपनीच्या सॉफ्टवेअर बनवण्याच्या यंत्रणेत शिरले. मग त्यांनी तिथल्या एका इंजिनिअरचा घरचा कॉम्प्युटर गाठला. त्यावर दुसऱ्याच कुणाचं तरी मीडिया सॉफ्टवेअर होतं, त्यातल्या त्रुटीचा फायदा घेऊन कीलॉगर (दाबलेली प्रत्येक कळ टिपणारा प्रोग्राम) बसवला, इंजिनिअरचा मास्टर पासवर्ड टाइप होताना टिपला आणि क्लाउडमधल्या बॅकअपपर्यंत पोचले. डिसेंबरमध्ये कंपनीने जाहीर केलं की ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरांनी नेल्या आहेत.

प्रती कुलूपबंद होत्या हे खरं. मास्टर पासवर्ड कंपनीकडे नसतोच, त्यामुळे तो चोरीला जाण्याचा प्रश्न नव्हता. पण तिजोरीतले यूजरनेम आणि पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले (किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात) असताना वेबसाइटचे पत्ते मात्र उघडे ठेवलेले होते. म्हणजे कुलूप न फोडताच चोराला कळत होतं की या माणसाची खाती कुठे कुठे आहेत आणि कुणाची तिजोरी आधी फोडायला घ्यावी.

दुसरी गोष्ट फेऱ्यांची. मास्टर पासवर्डापासून तिजोरीची किल्ली तयार करताना तो एका गणिती प्रक्रियेतून हजारो वेळा फिरवतात. तुम्हाला लॉगिन करताना त्याचा पत्ताही लागत नाही, पण एकामागून एक अंदाज लावत बसलेल्या चोराला प्रत्येक अंदाजापायी तेवढ्या फेऱ्या माराव्या लागतात. लास्टपासच्या नव्या खात्यांना तेव्हा १,००,१०० फेऱ्या होत्या. वर्षानुवर्षं जुन्या असलेल्या कित्येक खात्यांचा आकडा मात्र ५,००० वरच अडकलेला होता, काहींचा तर चक्क १. कुणी तो वाढवायची तसदी घेतली नव्हती. वेब सुरक्षेवर काम करणारी ओवॅस्प ही संस्था या पद्धतीसाठी आज ६,००,००० फेऱ्या सुचवते. म्हणजे ज्यांनी सर्वांत आधी विश्वास टाकला, त्यांचंच कुलूप सर्वांत कच्चं निघालं.

म्हणूनच मॅनेजर निवडताना ‘यांच्याकडे चोरी होऊ शकते का’ हे विचारण्यात मला अर्थ वाटत नाही. कुठेही होऊ शकते. ती होणार असं धरूनच चालायचं आणि विचारायचं, की झाली तर चोराच्या हाती काय पडेल?

या एका प्रश्नाने बरीच गर्दी कमी होते. बिटवॉर्डन घ्या. त्यात पत्ते, नावं, नोंदी सगळंच एन्क्रिप्ट होऊन सर्व्हरवर जातं, आणि कोड खुला असल्यामुळे हे त्यांच्या शब्दावर मानावं लागत नाही, बाहेरच्या जाणकाराला तपासता येतं. वनपासवर्डचा कोड असा खुला नाही आणि तो फुकटही नाही. पण त्यांनी एक गोष्ट फार विचारपूर्वक केली आहे. तुमच्या पासवर्डाच्या जोडीला १२८ बिटची एक गुप्त किल्ली लागते. ती तुमच्याच मशीनवर तयार होते आणि कंपनीकडे जात नाही. त्यामुळे त्यांच्या सर्व्हरवरून तिजोरी उचलली आणि तुमचा पासवर्ड अगदी साधा असला, तरी नुसते अंदाज लावून ती उघडत नाही. माझा कल खुल्या कोडकडे आहे हे खरं, पण जो माणूस मोठा मास्टर पासवर्ड काही केल्या ठेवणारच नाही त्याला मी वनपासवर्ड सुचवतो. फक्त ती किल्ली कागदावर उतरवून ठेवायची, कारण हरवली तर कंपनीही देऊ शकत नाही.

‘परकी कंपनीच नको’ हा तुमचा मुद्दा असेल तर कीपासएक्ससी आहे. त्यात सगळं एका एन्क्रिप्टेड फाइलमध्ये राहतं आणि ती फाइल तुमच्याकडे. सर्व्हर नाही, खातं नाही. पण मग फोनवर आणि लॅपटॉपवर एकच ताजी प्रत ठेवणं, बॅकअप घेणं, हे सगळं तुमच्या गळ्यात. हे नीट निभावणारी माणसं असतात. बहुतेकजण पहिले काही आठवडे उत्साहाने करतात आणि नंतर फोनवरची फाइल जुनी राहते. फाइल स्वतःकडे ठेवली म्हणजे दोषमुक्त झालो असंही नाही. मूळ कीपासच्या २.५४ च्या आधीच्या आवृत्त्यांत २०२३ मध्ये असा दोष सापडला, की कॉम्प्युटरच्या मेमरीतून मास्टर पासवर्ड जवळपास पूर्ण वाचता येत होता. कीपासएक्ससी वेगळ्या हातांनी लिहिलेलं असल्याने त्यातून सुटलं.

ब्राउझरमधल्या किंवा फोनसोबत येणाऱ्या मॅनेजरला मी लेखात कमी जागा दिली, कारण सांगण्यासारखं थोडंच आहे. सगळी उपकरणं एकाच कंपनीची असतील तर ते पुरतं. पण त्या कंपनीचं खातं एखाद्या कारणाने बंद झालं तर मेल, फोटो आणि पासवर्ड एकदम जातील, एवढं लक्षात असू द्या.

आता तुमची वही. तुम्हाला वाटलं असेल की मी तिची टर उडवणार. मुळीच नाही. इंटरनेटवरून येणाऱ्या चोराला तुमच्या टेबलाच्या खणात हात घालता येत नाही, आणि सर्वसाधारण माणसाला धोका याच चोराकडून जास्त असतो. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवणाऱ्यापेक्षा वहीवाला कितीतरी सुरक्षित. वहीची अडचण वेगळीच आहे. तिच्यातला पासवर्ड हाताने टाइप करावा लागतो, म्हणून माणूस तो आखूड आणि सोपा ठेवतो. शिवाय प्रत एकच. आणि समोरची साइट खरी की खोटी हे वही सांगत नाही, ज्याकडे मी पुढे येतो.

सूत्राच्या मात्र मी साफ विरोधात आहे. (तुमच्या प्रतिक्रियेतलं उदाहरण मी झाकलंय. असं काही जाहीर लिहीत जाऊ नका.) त्याच धर्तीचं एक बनवून दाखवतो. मूळ शब्द ‘पारिजात’, पुढे साइटची सुरुवातीची अक्षरं, मग ७९ आणि एक खूण. लिंक्डइनवर ‘पारिजातलिं७९#’, ड्रॉपबॉक्सवर ‘पारिजातड्रॉ७९#’. या दोन्ही ठिकाणचे पासवर्ड २०१२ मध्ये चोरीला गेले आणि २०१६ मध्ये मोठ्या प्रमाणावर बाहेर आले. लिंक्डइनचेच ११ कोटी ७० लाख, तेही इतक्या कच्च्या पद्धतीने साठवलेले की बहुतेक लगेच फुटले. आता त्या यादीत ही एकच ओळ कुणाला सापडली, तर तुमच्या मेलचा पासवर्ड काय असेल हे सांगायला त्याला किती वेळ लागेल? दोन ओळी शेजारी ठेवल्या तर शाळकरी पोरगंही सांगेल. आणि हे काम माणूस करतही नाही, प्रोग्राम करतो, अशा लाखो जोड्यांवर.

एका ठिकाणचा फुटलेला पासवर्ड दुसरीकडे लावून बघणं हा चोरांचा रोजचा धंदा आहे. २०२३ मध्ये २३अँडमी या जनुकीय चाचण्या करणाऱ्या कंपनीत असंच झालं. तिचे सर्व्हर फोडावेच लागले नाहीत. दुसरीकडचे फुटलेले पासवर्ड लावत सुमारे १४,००० खाती उघडली, आणि त्या खात्यांना नातेवाइकांची माहिती जोडलेली असल्याने जवळपास ६९ लाख लोकांचा तपशील बाहेर गेला.

सूत्राचा आणखी एक त्रास तुम्ही अनुभवला असणारच. एखादी साइट ‘#’ चालत नाही म्हणते. दुसरी बारा अक्षरांच्या वर जाऊ देत नाही. तिसरी सक्तीने पासवर्ड बदलायला लावते, मग ७९ चं ८० होतं. अपवाद वाढत जातात, आणि ते लक्षात ठेवायला वही लागते. तुमच्याकडे वही आणि सूत्र दोन्ही का आहेत, याचा माझा तरी अंदाज हा आहे.

खऱ्या-खोट्या साइटबद्दल. मॅनेजर पासवर्ड भरतो तो डोमेनचा पत्ता जुळला तरच. डोळ्यांना पान हुबेहूब वाटेल, पत्त्यातलं एखादं बदललेलं अक्षर नजरेतून सुटेल, पण प्रोग्रामला ते दोन वेगळे पत्ते असतात आणि तो गप्प बसतो. हे गप्प बसणं ओळखायला मात्र शिकावं लागतं. ट्रॉय हंट हे नाव तुम्ही ऐकलं असेल. कुठले पासवर्ड फुटलेत हे तपासणारी ‘हॅव आय बीन पोन्ड’ ही साइट चालवणारा, या विषयातला मुरलेला माणूस. मार्च २०२५ मध्ये प्रवासाने थकलेला असताना तो एका खोट्या मेलला फसला. मॅनेजरने त्या पानावर काहीच भरलं नव्हतं. त्याने स्वतः तिथे तपशील घातला, वर ओटीपीही दिला, आणि तो मेलवरून पाठवत असलेल्या न्यूजलेटरच्या वर्गणीदारांची यादी चोरांनी नेली. हे सगळं त्यानेच लगेच जाहीर लिहिलं. तेव्हा मॅनेजरने भरायला नकार दिला की कॉपी-पेस्ट करायला जायचं नाही; आधी पत्ता वाचायचा.

न्यायाने दुसरी बाजूही सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मारेक टोथ या संशोधकाने डेफ कॉन या हॅकरांच्या परिषदेत दाखवलं, की फसवं पान मॅनेजरच्या एक्सटेंशनची (ब्राउझरला जोडलेल्या त्याच्या भागाची) चौकट अदृश्य करून तुम्हाला नकळत तिच्यावर क्लिक करायला लावू शकतं. सगळी नामांकित नावं त्यात होती. कार्डाचा तपशील असा कुठल्याही पानाला काढता येत होता. पासवर्डासाठी मात्र खऱ्या साइटमध्येच आधी एखादा दोष सापडायला हवा होता. म्हणून कार्डाचा नंबर मी एक्सटेंशनच्या हवाली करत नाही, आणि एक्सटेंशन अपडेट ठेवतो.

मास्टर पासवर्ड स्वतःच्या डोक्याने निवडू नका, एवढाच आग्रह. फासे टाकून शब्द निवडण्याची डाइसवेअर नावाची पद्धत १९९५ पासून आहे. ७,७७६ शब्दांची यादी असते आणि पाच फासे टाकून एक शब्द मिळतो. असे पाच शब्द घेतले तर शक्यता होतात २८ वर १८ शून्यं. गाण्याची ओळ, म्हण, मुलांची नावं यांपैकी काही नको. आणि हो, तो देवनागरीत ठेवायचा मोह मलाही होतो, पण आवरा. ‘दुसऱ्या’ मधला तो अर्धा र दोन-तीन प्रकारे टाइप होतो, दिसतो एकच, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते वेगवेगळे शब्द. एका कीबोर्डवर ठेवलेला पासवर्ड दुसऱ्या फोनवर चालेनासा झाला की कुठे चुकतंय ते दिसतसुद्धा नाही.

कंपनी बंद पडली तर? हा तुमचा सर्वांत चांगला प्रश्न. घडतंही तसं. मायक्रोसॉफ्टने लॉगिनचे कोड देणाऱ्या आपल्या ऑथेंटिकेटर ॲपमधली पासवर्डची सोय २०२५ मध्ये काढून टाकली आणि ऑगस्टपासून लोकांना साठवलेले पासवर्ड त्या ॲपमध्ये दिसेनासे झाले. ते त्यांच्याच एज ब्राउझरमध्ये उघडता येत होते, पण ज्यांनी सूचना वाचल्या नाहीत त्यांची धावपळ झाली असणार. म्हणून कुठल्याही मॅनेजरमध्ये शिरण्याआधी बाहेर पडायचं दार पाहून घ्या. दोन-चार खाती भरा, एक्स्पोर्ट करा, ती फाइल दुसऱ्या मॅनेजरमध्ये उघडते का पाहा. मात्र एक्स्पोर्ट केलेल्या साध्या सीएसव्ही फाइलमध्ये सगळे पासवर्ड धडधडीत वाचता येतात. ती डाउनलोड्समध्ये विसरू नका, काम झालं की पुसा आणि रिसायकल बिनही रिकामा करा.

माणूस गेला तर, किंवा नुसता फोन हरवला तरी, खरा घोळ होतो तो एकमेकांत अडकलेल्या कुलपांचा. मॅनेजर उघडायला कोड लागतो, तो फोनवर. नव्या फोनवर खातं सुरू करायला मेल लागतो. मेलचा पासवर्ड मॅनेजरमध्ये. यातून सुटायला एकच मार्ग आहे, कागद. त्यावर मास्टर पासवर्ड, मेलचा पासवर्ड आणि दोन्हींचे रिकव्हरी कोड (फोन नसतानाही खात्यात शिरता यावं म्हणून दिलेले). असे दोन कागद, दोन वेगळ्या ठिकाणी, आणि त्यातलं एक ठिकाण घरातल्या विश्वासाच्या माणसाला माहीत. बिटवॉर्डनच्या सशुल्क योजनेत आणीबाणीचा प्रवेश मिळतो: तुम्ही नेमलेल्या माणसाने मागणी केली आणि ठरवलेल्या मुदतीत तुम्ही नकार दिला नाही तर त्याला तिजोरी उघडते. सोय चांगली आहे, पण मी तरी कागदाशिवाय तिच्यावर विसंबणार नाही.

हे पटलं तर सगळं एका बैठकीत हलवू नका, कंटाळून अर्ध्यावर सोडाल. आधी मेलचा पासवर्ड बदला, कारण बाकी सगळ्या खात्यांचे ‘पासवर्ड विसरलात?’ तिथेच येतात. मग पैशांची खाती. उरलेली जसजशी उघडाल तसतशी, आणि जी वर्षभरात उघडलीच नाहीत ती सरळ बंद करून टाका.