उघडी जोडी

काल सकाळी चोडणच्या फेरीबोटीत एका माणसाने माझ्याकडे पन्नास रुपये मागितले. उसने नव्हे, हक्काने. "मास्तर, तुमची जोडी पडूंक ना. म्हजे पन्नास रुपया गेले!" पावसामुळे सगळी बोट छपराखाली दाटीवाटीने उभी होती आणि इंजिन नेमकं त्याच क्षणी जरा शांत झालं होतं. रायबंदरचा धक्का अजून लांब होता. पळायला जागा म्हणजे फक्त मांडवी.

मी मास्तर नाही. पणजीत एका कचेरीत हिशेब तपासतो. पण चष्मा, वही आणि मागे खोडरबर असलेली पेन्सिल एवढा ऐवज जवळ असला, की आमच्याकडे माणूस आपोआप मास्तर होतो. तक्रार त्याबद्दल नाही.

घडलं होतं ते परवा. आम्ही सात-आठ जण, एकमेकांना प्रत्यक्ष कधीच न भेटलेले, फोनवरून एकमेकांना अवघड सुडोकू पाठवत असतो. नियम एकच: अंदाज चालणार नाही. "इथे सात ठेवून बघू, चुकलं तर खोडू" असं जो करतो, त्याला आमच्यात चोरापेक्षा खालची जागा आहे. प्रत्येक आकड्याला कारण हवं. एका ओळीतल्या दोन चौकटींत जर तीन आणि सात हे दोनच आकडे बसू शकत असतील, तर ते तिथेच जाणार, म्हणून त्या ओळीतल्या बाकीच्या चौकटींतून तीन आणि सात खोडायचे. याला इंग्रजीत 'नेकेड पेअर' म्हणतात. आमच्यातल्या नाशिकच्या एका ताई एकदा भर हळदीकुंकवात हा शब्द फोनवर मोठ्याने बोलल्या, तेव्हापासून आम्ही मराठीवर आलो. उघडी जोडी.

तर परवा बोटीच्या घरघरीवर आवाज चढवून मी डोंबिवलीच्या मित्राला फोनवर ओरडून सांगितलं होतं, "अरे, उघडी जोडी मिळाली! तीन-सात! शंभर टक्के!"

गोव्यातल्या वाचकाला पुढचं सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो, की मटक्यात ओपनचा एक आकडा, क्लोजचा एक आकडा आणि दोन्ही मिळून जोडी. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवर मुंबईत पैसे लावायचे, तिथून निघालेला हा धंदा. कापूस केव्हाच उडून गेला, आकडे राहिले. आणि 'उघडी'चं इंग्रजी भाषांतर फेरीबोटीतल्या माणसाने 'नेकेड' असं न करता 'ओपन' असं केलं, यात त्याचा दोष काढता येत नाही.

त्या माणसाचं वर्णन करायलाच हवं. साठीच्या पुढचा, पांढरी खुंटं वाढलेला, आणि पावसासाठी डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी टोपीसारखी घट्ट ओढलेली. पिशवीवर कापडाच्या एका दुकानाचं नाव होतं, ते बरोबर कपाळावर आलेलं. त्यामुळे तो रागावून बोलताना "लग्नाचा बस्ता" ही अक्षरं वरखाली होत होती. अशा माणसाशी गंभीरपणे भांडता येत नाही, आणि मला तर भांडायचं होतं.

"काका, ते मटक्याचं नव्हतं. हे सुडोकू आहे," मी वही दाखवली.

त्यांनी वही हातात घेतली, लांब धरली, जवळ आणली. "एक ते नऊच? शून्य खंय गेलें?"

"यात शून्य नसतं."

"शून्याशिवाय जोडी लावतात तुम्ही?" त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच माझ्याविषयी काळजी आली.

मग मी चूक केली. समजावायला गेलो. सांगितलं, की ओळ, स्तंभ आणि नऊ घरांचा चौक, प्रत्येकात एक ते नऊ एकेकदाच. जपानी नावाचा अर्थच मुळी आकड्याने एकटं, अविवाहित राहावं असा. "मग जोडी कशाक?" काका म्हणाले. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पुढे सांगितलं, की 1979 साली अमेरिकेत हॉवर्ड गार्न्स नावाच्या गृहस्थाचं हे कोडं एका मासिकात आलं, 1984 साली ते जपानात गेलं, आणि हाँगकाँगच्या एका निवृत्त न्यायाधीशाने, वेन गूल्ड त्यांचं नाव, 2004 साली ते लंडनच्या 'टाइम्स'मध्ये आणलं. न्यायाधीशाने! हे मी मुद्दाम जरा मोठ्याने सांगितलं, बोटीतल्या बाकीच्या जनतेसाठी. कारण एव्हाना दोन-तीन जण माझ्या वहीत डोकावून आकडे तोंडपाठ करत आहेत असा मला दाट संशय होता.

"भरलेली सुडोकू एकूण किती होऊ शकतात, ठाऊक आहे? 6,670,903,752,021,072,936,960!" मी ही संख्या पाठ केली आहे. आजवर कुणीही ती पुरी ऐकून घेतलेली नव्हती. काकांनी ऐकली. पापणी न हलवता ऐकली.

"आणि त्यांतलो आयज खंयचो पडटलो?"

तेवढ्यात कॉलेजच्या एका पोराने कानातली बोंडं काढून मान वळवली. "अंकल, फोटो काढा ना. ॲप दोन सेकंदांत सोडवतं." हा सल्ला मला दर पंधरवड्याला कुणीतरी देतं. शिगमोत्सवात नाचणाऱ्याला कुणी सांगत नाही, की बाबा, पलीकडच्या टोकाला रिक्षा जाते. पण डोकं चालवणाऱ्याला सांगतात. जाऊ दे.

"बरं, ही जोडी सुटत कशी?" काकांनी विचारलं.

"स्वोर्डफिश मिळायला हवा. चार दिवस शोधतोय."

हे रीतसर तंत्राचं नाव आहे. त्याच्याहून मोठा असतो तो जेलीफिश. पण पलीकडे रिकामी पाटी घेऊन उभ्या असलेल्या मासेवाल्या बाईने झटकन वळून पाहिलं. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत 61 दिवस ट्रॉलर किनाऱ्याला बांधलेले असतात. अशा दिवसांत माशाचं नाव मोठ्याने घेणं बरं नव्हे. "बंदी आसा न्हय? तुमकां खंय मेळटा?" तिने दरडावून विचारलं. मी वही मिटली.

पण काकांनी मिटू दिली नाही. त्यांनी सदऱ्याच्या आतून स्वतःची वही काढली. पॉलिथिनमध्ये गुंडाळलेली, कोपरे न मुडपलेली. आत आकड्यांचे चौकोनच चौकोन, आठवड्यांचे, महिन्यांचे. तांबड्या पेनाने तिरक्या रेघा मारून आकडे एकमेकांना जोडलेले, काही ठिकाणी गोल, काही ठिकाणी खाडाखोड, समासात बारीक अक्षरात टिपणं. "हाकाय लॉजिक आसता, मास्तर. असोच पडना."

दोन्ही वह्या शेजारी शेजारी उघड्या होत्या. बोटीतला एकही माणूस सांगू शकला नसता, की यातली कुठली डोकं चालवणाऱ्याची आणि कुठली मटकेवाल्याची. खरं सांगायचं तर त्यांचं अक्षर माझ्याहून चांगलं होतं. ही गोष्ट मला पन्नास रुपयांपेक्षा जास्त लागली. अहो, माझ्या कोड्याला उत्तर आहे! एक आणि एकच! दोन उत्तरं निघाली तर त्याला आम्ही सुडोकू म्हणत नाही. सुरुवातीला सतरापेक्षा कमी आकडे दिले तर एकच उत्तर येऊ शकत नाही, हे डब्लिनच्या गॅरी मॅग्वायर यांनी 2012 साली संगणकाला राबवून दाखवून दिलं. यांच्या रेघांना कुणी दाखवून दिलंय काही?

"पण ह्यांतून मेळटा कितें?" काकांनी विचारलं.

"काही नाही."

"कांयच ना?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मी विसरू शकत नाही. पणजीत याच मांडवीच्या पात्रात कॅसिनोची जहाजं परवाना घेऊन रात्रभर झगमगतात. तिथे लाखो घालवून आलेल्या माणसाला आपण पर्यटक म्हणतो. पन्नास रुपयांचा आकडा लावणाऱ्याला 1976 च्या जुगारबंदी कायद्याखाली पकडता येतं. आणि दमडीही न लावता चार दिवस एका चौकटीवर बसलेल्याची कीव करतात. मला या तिसऱ्या वर्गाबद्दल कुणी एकदा तरी बरं बोललेलं ऐकायचंय.

बोट धक्क्याला टेकली. फळी पडता पडता काकांनी पाचव्या ओळीच्या शेवटच्या चौकटीवर ओलं बोट ठेवलं. "हांगा सात घालात."

"का?"

"असोच."

असोच! मी रागाने तो ओला ठसा पुसला, कागद फाटला.

रात्री अकराला स्वोर्डफिश सापडला. दुसऱ्या, सातव्या आणि नवव्या ओळीत सातला जागा होती ती फक्त तिसऱ्या, सहाव्या आणि आठव्या स्तंभात. म्हणजे त्या तीन स्तंभांत इतरत्र कुठेही सात नाही. म्हणजे पाचव्या ओळीत तिसऱ्या स्तंभातला सात उडाला, तिथे तीन आला. आणि शेवटच्या चौकटीत, फाटलेल्या कागदाच्या भोकाशेजारी, सात.

मंडळींना सगळी साखळी लिहून पाठवली. नाशिकच्या ताईंनी "निर्दोष!" असं लिहिलं. काकांच्या बोटाबद्दल मी अक्षर लिहिलं नाही.

आज सकाळी मुद्दाम एक फेरी सोडून दुसरी पकडली. कपाळावर लग्नाचा बस्ता घेऊन ते आधीच उभे होते.

"सात आयलो न्हय?"

"नाही," मी म्हणालो. "तीन आला."

"तीन?" त्यांनी खिशातून पॉलिथिन काढलं, वही उघडली, तांबड्या पेनाने काहीतरी गोल केलं आणि समाधानाने मान हलवली. "शंभर टक्के?"

मी मान हलवली का, ते मला आठवत नाही. बोट लागल्यावर ते माझ्या पुढे उतरले आणि बसस्टॉपकडे न जाता उजवीकडच्या मटक्याच्या गाड्याकडे वळले. तीन पडला तर ठीक. नाही पडला तर उद्या शंभर मागतील, आणि शनिवारपर्यंत मला रोज याच बोटीने जायचंय.