हरा, पण इंग्लंडमध्येच हरा

युरोपात फुटबॉल क्लब घ्यायचा विचार चाललाय म्हणे तुमचा. अभिनंदन! प्लॉट घेऊन झाले, शेअर बाजारात हात पोळून झाले, आता उरलेला पैसा कुठेतरी बुडवायलाच हवा. बुडवा, पण जरा अक्कल वापरून बुडवा. क्लबच्या कपाटात किती चषक आहेत, त्याचा इतिहास किती देदीप्यमान आहे, हे विचारत बसू नका. एवढंच विचारा: हा क्लब हरतो तो कुठल्या देशात हरतो?

शेफील्ड युनायटेडचा आदर्श ठेवा. 2023-24 च्या मोसमात या मंडळींनी प्रीमियर लीगमध्ये 38 सामन्यांत 104 गोल खाल्ले. 38 सामन्यांच्या मोसमात त्या लीगमध्ये एवढे गोल त्याआधी कुणीही खाल्ले नव्हते. न्यूकॅसलने तर घरी येऊन 8-0 असं धुतलं. गुण फक्त 16, नंबर शेवटचा. आणि मोसम संपल्यावर लीगकडून, मुख्यतः टीव्ही-प्रक्षेपणाच्या पैशातून, हातात किती पडले? जवळजवळ 11 कोटी पौंड. आपल्या पैशांत साडेअकराशे कोटी रुपयांच्या घरात. विजेत्या मँचेस्टर सिटीला साडेसतरा कोटी पौंड मिळाले, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्यात दुपटीचाही फरक नाही.

आता इटलीत चला. सेरी आ या तिथल्या अव्वल लीगच्या सगळ्या सामन्यांचे देशांतर्गत प्रक्षेपण हक्क 2024 ते 2029 या पाच वर्षांसाठी वर्षाला साधारण 90 कोटी युरोंना गेले. क्लब 20. सरासरी काढा, एकेकाच्या वाट्याला साडेचार कोटी. परदेशातून येणारे थोडे वर धरा. तरी 104 गोल खाणाऱ्या शेफील्डचे 11 कोटी पौंड, म्हणजे साडेबारा कोटींहून जास्त युरो, ते काही गाठता येत नाहीत. सात वेळा युरोपचा विजेता ठरलेला मिलान घेऊन तुम्ही काय करणार? त्यांच्या सान सिरो स्टेडियमवर उभं राहून सेल्फी काढाल, मान्य. पण पगार कशातून देणार?

इतिहास विकत घेऊ नका, पत्ता विकत घ्या. इंग्लंडमधल्या बोर्नमथचा पत्ता उत्तम आहे. स्टेडियम सव्वाअकरा हजार माणसांचं, वानखेडेवर याच्या जवळजवळ तिप्पट लोक बसतात. 2008-09 मध्ये हा क्लब चौथ्या श्रेणीत होता आणि मोसमाची सुरुवातच उणे 17 गुणांनी करत होता. याच बोर्नमथने 2024 मध्ये पोर्तोकडून एव्हानिल्सन हा आघाडीचा खेळाडू उचलला, जवळजवळ चार कोटी पौंड मोजून. पोर्तो म्हणजे दोनदा युरोपचा विजेता, 1987 आणि 2004 मध्ये. पण बोर्नमथचा चेक आल्यावर त्या चषकांकडे कोण बघतो?

हा पैसा येतो कुठून, असं विचारू नका, कारण थोडा तुमच्याच खिशातून येतो. 2022 ते 2025 या काळात प्रीमियर लीगने परदेशी हक्कांतून घरच्यापेक्षा जास्त कमावलं. शनिवारचा पहिला सामना तिकडे दुपारी साडेबाराला सुरू होतो तो काही इंग्लिश माणसाच्या जेवणाच्या सोयीसाठी नाही. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे पाच किंवा सहा वाजलेले असतात, हातात चहा असतो, पोरं क्लासहून आलेली असतात. इटलीचा मोठा सामना मात्र रात्री सव्वाबाराला नाहीतर सव्वाएकला. दुसऱ्या दिवशी आठ वाजता ऑफिसची बस पकडायची असेल तर इंटरवर कितीही प्रेम असलं तरी डोळा लागतोच. नागपूरचा पोरगा इंग्लंडच्या एव्हर्टनचा समर्थक कसा झाला, याचं उत्तर घड्याळात आहे.

थरार हवा असेल तर फ्रान्सला जा. 2018 मध्ये मीडियाप्रो नावाच्या स्पॅनिश कंपनीने फ्रेंच लीगला सांगितलं की 2020 पासून आम्ही वर्षाला 81 कोटी युरोंच्या वर देऊ. बाकीचे करार धरून बेरीज 115 कोटींवर गेली. क्लबांच्या तोंडाला पाणी सुटलं, पैसे यायच्या आधीच खर्च सुरू झाले. बाजारात तुरी! ऑक्टोबर 2020 मध्ये कंपनीने हप्ता थकवला, डिसेंबरात करार मोडला. मग अ‍ॅमेझॉनने तोच माल वर्षाला 25 कोटींत उचलला. पुढे 2024 मध्ये डॅझोन या स्ट्रीमिंग कंपनीने पाच वर्षांचा करार केला, वर्षाला 40 कोटींचा, आणि एकाच मोसमात काढता पाय घेतला. 2025 मध्ये शेवटी लीगने स्वतःचंच चॅनेल काढलं, महिन्याला 14.99 युरो. दरम्यान 2022 मध्ये सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीकडून दीड अब्ज युरो घेऊन व्यावसायिक उत्पन्नातला 13 टक्के वाटा देऊन टाकला होताच. ज्या उत्पन्नाचा वाटा विकला ते उत्पन्नच आटलं, ही बाब किरकोळ.

फ्रान्समध्ये क्लब स्वस्तात मिळतात, ते उगाच नाही. सहा वेळचा विजेता बोर्दो 2024 मध्ये दिवाळखोरीच्या खाईत जाऊन व्यावसायिक दर्जा सोडून चौथ्या श्रेणीत पोहोचला. ल्योंला 2025 च्या जूनमध्ये हिशेब बघून खालच्या श्रेणीत ढकललं, जुलैत अपिलावर परत घेतलं. तुम्ही म्हणाल, पण पॅरिसच्या क्लबने तर त्याच वर्षी चॅम्पियन्स लीग ही युरोपातली सर्वोच्च स्पर्धा जिंकली, म्युनिकला इंटरला 5-0 ने लोळवून! जिंकली ना. कतारचा सरकारी पैसा 2011 पासून मागे उभा आहे. 2017 मध्ये एकट्या नेमारसाठी 22.2 कोटी युरो मोजले होते. तेव्हा फ्रान्समध्ये यशस्वी व्हायची रीत सोपी आहे: आधी तुमच्या नावावर एखादा वायुसाठा असू द्या.

जर्मनीला जाऊ नका. तिथे तुम्हाला क्लब कुणी विकणारच नाही. 50 अधिक 1 असा नियम आहे, मतांची बहुसंख्या सभासदांकडेच राहते. लेव्हरकुसेन, वोल्फ्सबुर्गसारखे जुने अपवाद सोडले तर मालक म्हणून मिरवता येत नाही. डिसेंबर 2023 मध्ये लीगने प्रक्षेपण-व्यवसायात बाहेरचा गुंतवणूकदार आणायचं ठरवलं, तर प्रेक्षकांनी मैदानावर टेनिसचे चेंडू आणि चॉकलेटची नाणी फेकली, रिमोटवरच्या गाड्या सोडल्या, सामने थांबवले. फेब्रुवारीत लीगने प्रस्ताव गुंडाळला. मला हे लोक आवडतात, खरं सांगतो. पण धंद्याच्या दृष्टीने बघा: एवढी लोकशाही जपूनही 2013 ते 2023 ओळीने अकरा विजेतेपदं बायर्नने नेली. 2024 मध्ये लेव्हरकुसेनने एकही सामना न हरता साखळी तोडली. बक्षीस काय मिळालं? वर्षभरात त्यांचाच खेळाडू फ्लोरियन विर्ट्झ लिव्हरपूलला गेला, 10 कोटी पौंड आणि वर अटींचे वेगळे.

स्पेन बघायचं असेल तर बार्सिलोनाकडून ऋण काढून सण कसा करायचा ते शिका. 2021 मध्ये लीगच्या पगार-मर्यादेत मेस्सीचा करार बसेना म्हणून त्याला निरोप दिला, आणि 2022 मध्ये पुढच्या 25 वर्षांच्या लीग-प्रक्षेपण उत्पन्नातला चौथा हिस्सा विकून नवे खेळाडू आणले. 2046 साली क्लबचा अध्यक्ष कोण असेल ते असो, त्याला शुभेच्छा.

म्हणजे फिरून इंग्लंड. तिथे नियम आहेत, घाबरू नका. तीन वर्षांत मिळून साडेदहा कोटी पौंडांपर्यंतच तोटा चालतो, असा प्रीमियर लीगचा नियम 2025-26 च्या मोसमापर्यंतचा. एव्हर्टनचे त्यापायी गुण कापले, नॉटिंगहॅम फॉरेस्टचेही कापले. मग चेल्सीकडून शिका. जानेवारी 2023 च्या एका महिन्यात या क्लबने जर्मनी, स्पेन, इटली आणि फ्रान्समधल्या अव्वल लीगच्या सगळ्या क्लबांच्या एकत्रित खर्चाहून जास्त खर्च केला. एंझो फर्नांडेझला बेनफिकाने सहा-सात महिन्यांपूर्वीच अर्जेंटिनातून आणलं होतं, तो त्यांच्याकडून 12.1 कोटी युरोंना घेतला. करार आठ-साडेआठ वर्षांचे केले, म्हणजे खरेदीची किंमत तेवढ्या वर्षांत विभागली जाऊन हिशेबात दरवर्षी तुकडा लहान दिसतो. पळवाट बघून युएफा या युरोपीय फुटबॉलच्या संघटनेने हिशेबाची मुदत पाच वर्षांवर आणली, तर क्लबने आपली दोन हॉटेलं आपल्याच मालकांच्या दुसऱ्या कंपनीला 7.65 कोटी पौंडांना विकली. या खिशातलं त्या खिशात. प्रीमियर लीगच्या नियमात हे बसलं. युएफाच्या नाही बसलं, 2025 मध्ये दंड झाला. भरला.

आणि घरचं पोर विकायला शिका. अकादमीत वाढलेल्या खेळाडूची खरेदी किंमत शून्य, म्हणून विकला की सगळा निव्वळ नफा. मँचेस्टर युनायटेडने पाच वर्षांचा असल्यापासून वाढवलेला स्कॉट मॅकटॉमिने 2024 मध्ये नापोलीला विकला. वर्षभरात नापोली इटलीची विजेती आणि मॅकटॉमिने तिथला सर्वोत्तम खेळाडू. युनायटेड त्या मोसमात पंधरावी. जो इथे नकोसा होता तो तिथे राजा झाला, यावरून इटलीचा दर्जा खालावला म्हणायचं की युनायटेडची नजर, हे तुमच्या पक्षावर आहे. पण थांबा, ही पंधरावी आलेली युनायटेड त्याच मे महिन्यात बिलबाओला युरोपा लीगची, म्हणजे युरोपातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेची, अंतिम लढत खेळत होती. समोर कोण? लीगमध्ये सतरावी आलेली, 22 सामने हरलेली टॉटनम. टॉटनम 1-0 जिंकली आणि त्या विजेतेपदाच्या जोरावर चॅम्पियन्स लीगमध्ये गेली. सहा इंग्लिश क्लब एकाच वर्षी तिथे. घरी नापास आणि बाहेर पहिला वर्ग, असा अभ्यासक्रम दुसऱ्या कुठल्या देशात मिळतो?

आता आपल्या माणसांचा अनुभव. कोंबड्यांच्या व्यवसायातल्या पुण्याच्या वेंकीजने नोव्हेंबर 2010 मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतला, 2.3 कोटी पौंडांना. पत्ता अगदी बरोबर होता: प्रीमियर लीग, शिवाय 1995 चा विजेता. डिसेंबरातच त्यांनी प्रशिक्षक सॅम अ‍ॅलरडाइस यांना काढलं. संघ तेव्हा तेराव्या क्रमांकावर होता, म्हणजे ज्या कमाईविषयी मी इतका वेळ बोलतोय ती बिनघोर चालू होती. मग ड्रेसिंग रूममध्ये बसून खेळाडू चिकन खातात अशी जाहिरात आली. मे 2012 मध्ये विगनविरुद्ध घरचा सामना, हरलो तर खालच्या श्रेणीत, अशी अवस्था. भर सामन्यात प्रेक्षकांनी क्लबचा झेंडा गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी मैदानावर सोडली. ती पळतेय, खेळाडू बघतायत. सामना 0-1 गेला, ब्लॅकबर्न खाली गेला, 2017 मध्ये आणखी एक पायरी खाली, एका वर्षात एक पायरी वर, आणि प्रीमियर लीगचं दार अजून उघडलेलं नाही. पुणेकरांनी निदान एवढं तरी शिकावं की तेराव्या नंबराला हात लावायचा नसतो. विसावा आला तरी एकदाच येऊन चालतं, वर्षानुवर्षं दुसऱ्या श्रेणीत राहून पगार देणं परवडत नाही.

एक क्लब घेतलात की थांबू नका, दुसराही घ्या, फ्रान्समध्ये, स्वस्तात. चेल्सीच्या मालकांनी 2023 मध्ये स्ट्रासबूर्ग घेतला. सप्टेंबर 2025 मध्ये, मोसम नुकताच सुरू झालेला असताना, जाहीर झालं की स्ट्रासबूर्गचा कप्तान एमेघा पुढच्या उन्हाळ्यात चेल्सीला जाणार. प्रेक्षक चिडले. चिडोत, ते तिकीट काढतातच. फक्त दोन्ही क्लब एकाच युरोपीय स्पर्धेला पात्र ठरणार नाहीत याची काळजी घ्या. क्रिस्टल पॅलेसने 2025 मध्ये एफए कप जिंकला, इतिहासातला पहिला मोठा चषक, आणि युरोपा लीगऐवजी तिच्याही खालच्या कॉन्फरन्स लीगमध्ये जाऊन पडला. कारण त्यांच्या एका भागधारकाकडे ल्यों पण होता, तोही पात्र ठरला, आणि मालकीची फेरमांडणी युएफाच्या मुदतीत झाली नव्हती. मुदत 1 मार्च. तेव्हा कागदपत्रं जानेवारीतच उरकून घ्या. मार्चमध्ये सीए फोन उचलत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार.