आठवीच्या हजेरीतली सगळी मुलं आमच्याच बॅचची

मार्च २००० ला आमच्या हायस्कूलमधून दहावी झालेल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप गेल्या महिन्यापासून दिवसरात्र वाजतोय. पंचविशी उलटली, आता स्नेहमेळावा घ्यायचाच असं ठरलंय. सरांना शाल-श्रीफळ, बाईंना साडी, शाळेला काहीतरी भेटवस्तू, फेटे कुठल्या रंगाचे, जेवणाचं कोणाकडे द्यायचं. निरोप समारंभाचा तो पिवळा पडलेला फोटो कोणीतरी टाकला आणि मी शिकवते त्या शाळेत सुट्टीच्या वेळी एकटीच रडले. मला या मेळाव्याचा मनापासून आनंद आहे. म्हणूनच सांगते, यादी चुकीच्या कागदावरून केलीय. ती दहावीच्या निकालपत्रावरून केलीय. ती आठवीच्या हजेरीपटावरून करायला हवी.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. सातवीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, आठवीला हायस्कूल. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरची मुलं तिथे एकत्र यायची, त्यामुळे आठवीच्या जूनमध्ये वर्गात पाय ठेवायला जागा नसायची. एका बाकावर चौघीचौघी बसायचो आणि दप्तरं मांडीवर घ्यायचो. दहावीच्या जूनमध्ये मात्र आम्ही ऐसपैस बसलो. त्या वयात ते बरंच वाटलं होतं, कारण जागा झाली होती. ती जागा कोणाची होती, हे आज मी स्वतः प्राथमिक शाळेत हजेरी घेते तेव्हा जास्त कळतं.

आमच्याकडे दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या हलायला लागतात. मुकादमाकडून, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायको असा एक कोयता साखर कारखान्याच्या फडात, उसाच्या शेतात जातो. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी सोलापूरकडे, कोणी थेट कर्नाटकात. सोबत बैल, भांडी, पांघरुणं आणि मुलं. लहान भावंडं सांभाळायला, कोपीवर, म्हणजे फडाकडच्या झोपडीत, स्वयंपाक करायला बारा-तेरा वर्षांची मुलगी लागतेच. मुलगा जरा उंच झाला की त्याच्याही हातात कोयता येतो. सहामाही परीक्षा कशीबशी व्हायची आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात मोकळे बाक दिसायचे. टोळ्या परत यायच्या तेव्हा उन्हाची काहिली सुरू झालेली असायची आणि वार्षिक परीक्षा एक तर चालू असायची, नाहीतर संपलेली. दोन वर्षं असं झालं की ते मूल शाळेकडे फिरकेनासं व्हायचं. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये शाळा सोडण्याच्या कारणासमोर लिहिलं जायचं, 'सतत गैरहजर'. दोन शब्दांत विषय मिटला. ते मूल कुठे होतं, काय करत होतं, हे त्या रकान्यात मावत नाही.

माझ्या शेजारी बसायची तिची गोष्ट सांगते, नाव सांगणार नाही. भूमितीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. सर प्रमेय अर्धं लिहून थांबायचे आणि म्हणायचे, पुढचं आता ही सांगेल. ती उठून फळ्यापाशी जायची आणि खडू न थांबता चालायचा. मला प्रमेयं सरांच्या आधी तिनंच समजावलेली आहेत, आणि मी दहावीला गणितात पास झाले त्यात तिचा मोठा वाटा आहे. एसटीचा पास आम्हा मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून फुकट होता, त्यामुळे येण्याजाण्याचा खर्च हे कारण नव्हतं. नववीच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं आणि त्याच वर्षीच्या हंगामात ती नवऱ्याबरोबर फडात गेली. कारण साधं आहे. लग्न झालेलं जोडपं म्हणजे पूर्ण कोयता, आणि पूर्ण कोयत्यालाच पूर्ण उचल मिळते. शिवाय आईबाप सहा महिने बाहेर असताना वयात आलेल्या मुलीला घरी कोणाच्या भरवशावर ठेवायचं, हा प्रश्न खराच होता. तिच्या आईबापांना मी दोष देत नाही.

दुसरा एक जण. स्नेहसंमेलनाचं सगळं त्याच्या खांद्यावर असायचं. सरांच्या नकला, पोवाडा, पडदा ओढणं, सगळं तोच. इंग्रजीत तो नववीला नापास झाला. आम्ही मराठी शाळेतली मुलं, एबीसीडी पाचवीत सुरू झालेली, आणि त्यातही त्याचे अर्धे दिवस फडात गेलेले. इंग्रजी येणार तरी कुठून? पण आणखी एक गोष्ट तेव्हा चालायची, आणि अनेक शाळांत चालायची. दहावीचा निकाल चांगला लागावा म्हणून कच्ची मुलं नववीतच अडवायची. नाहीतर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सांगायचं, म्हणजे शाळेच्या टक्केवारीला धक्का नको. त्याला नववीत थांबवलं, तो पुन्हा नववीत बसला नाही. पुढे ट्रॅक्टरवर गेला.

आमच्या शिक्षकांविषयी माझ्या मनात तसूभरही राग नाही. त्यांनी रात्रीची अभ्यासिका घेतली, स्वतःच्या घरून चहा आणून पाजला, बोर्डाच्या पेपरच्या दिवशी तालुक्याच्या केंद्रावर आमच्याआधी येऊन उभे राहिले. साडेसातशे मार्कांचं ते ओझं आमच्या डोक्यावर होतं त्याहून जास्त त्यांच्या डोक्यावर होतं. निकाल घसरला की संस्था त्यांना जाब विचारायची. पण शाळेचं मोजमाप फक्त निकालावर केलं की सगळ्यात आधी बाहेर पडतं ते सगळ्यात गरजू मूल. हे मला तेव्हा दिसलं नव्हतं, आता रोज दिसतं.

निकालाची टक्केवारी ही परीक्षेला बसलेल्यांची टक्केवारी असते. २०२५ ला राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला. पोरांनी कष्ट केले, त्यांचं कौतुकच आहे. पण दहावीपर्यंत जी पोचलीच नाहीत ती मुलं त्या शंभरात धरलेली नाहीत. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू झाला, तो सहा ते चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे साधारण आठवीपर्यंत. जिथून आमच्या वर्गातले बाक रिकामे व्हायला लागले, नेमकं तिथेच त्या कायद्याचं कुंपण संपतं. आता आमच्या भागात हंगामी वसतिगृहं आहेत, आईबाप फडात गेले तरी मूल आजी-आजोबांपाशी राहतं आणि शाळेत दोन वेळा जेवतं. स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड देतात. २०२१ ला ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजनाही आली. या सगळ्यानं फरक पडतो, माझ्या वर्गातली काही मुलं त्यामुळेच टिकलीत. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या दर दहा बायकांपैकी चारांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. माझ्या शेजारी बसणारीचं लग्न १९९९ चं. तिच्यासारख्या मुली अजूनही आहेत.

ग्रुपवर मी हे मांडलं तेव्हा एकानं लिहिलं, 'अगं, त्यांना बोलावून त्यांनाच संकोच वाटेल.' त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, मी त्याला ओळखते. पण मला हे पटत नाही. माझ्या शेजारी बसणारी ती दोन वर्षांपूर्वी मला तालुक्याच्या बाजारात भेटली. तिला सगळं आठवत होतं. कोणत्या खिडकीचं दार लागत नव्हतं, बाईंनी कोणाला किती छड्या दिल्या, पंधरा ऑगस्टला माझी चप्पल तुटली आणि मी अनवाणी कवायत केली. आमच्यातल्या कोणाला एवढं आठवत नाही. ज्यांना पुढे कॉलेज मिळालं, शहर मिळालं, त्यांच्या आठवणींवर आणखी आठवणी चढल्या. तिच्याकडे हायस्कूलची दोनच वर्षं आहेत, त्यातही अर्धी. मग या शाळेवर तिचा हक्क आपल्यापेक्षा कमी कसा?

संकोच वाटू नये याची काळजी आपण घ्यायची. 'सध्या काय करतोस, कुठल्या पदावर आहेस' अशी ओळख-परेड नको. कोणी तहसील कार्यालयात असेल, कोणी पुण्यात कंपनीत असेल, त्यांच्यासाठी वेगळ्या खुर्च्या नकोत. सगळे बाकांवर बसू, आठवीत बसत होतो तसे. वर्गणी ऐच्छिक ठेवा आणि कोणी किती दिले ते ग्रुपवर टाकू नका. शाळेला घड्याळ नाहीतर कमान द्यायची चर्चा चाललीय. त्याऐवजी मधेच शाळा सोडलेल्या मुलींचे सतरा नंबरचे फॉर्म भरायची जबाबदारी आपण घेऊ. फी, पुस्तकं आणि रविवारचा वर्ग. वर्ग मी घेईन, गणिताला आणखी कोणी तरी लागेल. यात आपल्या वर्गातल्या कोणाला स्वतः दहावी द्यायची असेल तर तिचा फॉर्म सगळ्यात आधी.

हजेरीपटाचं मी मुख्याध्यापकांशी बोललेय. जुनी दप्तरं लोखंडी कपाटात आहेत, शोधायला लागतील, पण ते हो म्हणालेत. ज्याला ज्याचा पत्ता, सासर किंवा टोळीचा मुकादम माहीत असेल त्यानं मला फोन करा. नंबर ग्रुपवर टाकू नका, विचारल्याशिवाय कोणालाच ग्रुपमध्ये घालू नका.

राहिली तारीख. दिवाळी पाडव्याची तारीख ठरतेय, कारण तेव्हा पुण्या-मुंबईची मंडळी गावी येतात. पण तेव्हा आपले अर्धे वर्गमित्र ट्रकमध्ये बसून निघालेले असतात. मेळावा मे महिन्यात घ्या, अक्षय तृतीयेनंतर. ऊन लागेल, रजा काढाव्या लागतील, शहरातल्यांची गैरसोय होईल. ती होऊ द्या. दिवाळीचीच तारीख पक्की झाली तर मी वर्गणी देईन, स्वयंपाकाला मदत करीन, पण त्या दिवशी येणार नाही.