जिद्द असली की झालं? मग फी कोण भरणार?

दहावीचा निकाल लागला की व्हॉट्सॲपवर तोच मजकूर फिरू लागतो: झोपडपट्टीतल्या पोराने ९५ टक्के मिळवले, बाबासाहेब दिव्याच्या उजेडात शिकले, आता तर शाळा फुकट, हातात मोबाइल आणि प्रवेश गुणवत्तेवर, परिस्थितीचं रडगाणं बंद करा, जिद्द असली की झालं. त्या पोराचं मनापासून कौतुक. बाकीचं मात्र पटत नाही.

आधी बाबासाहेब. परळच्या चाळीतल्या खोलीत त्यांनी अभ्यास केला, हे खरंच. पण १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर त्यांचं कॉलेज निभावलं ते बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाडांच्या दरमहा २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीवर. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले, तेही बडोद्याच्याच पैशावर. नुसत्या जिद्दीवर भागतं असं त्यांना वाटलं असतं, तर १९४६ साली त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज कशाला काढलं असतं?

शाळा फुकट, पण कुठवर? शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापुरता आहे. खासगी शाळेत या कायद्याने गरीब-वंचित मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांतून शिरलेल्या मुलाची सवलत आठवीला संपते. नववीला पूर्ण फी भरा, नाहीतर दुसरी शाळा शोधा. मुंबई पालिकेच्या बऱ्याच शाळांत दहावीपर्यंत वर्गच नाहीत. त्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला: किलोमीटरभरात सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, म्हणून त्या जागा वाचल्या.

मोबाइलचं म्हणाल, तर गोवंडीतली एक नववीतली मुलगी माझ्या ओळखीची आहे. घरात फोन एकच, तो दिवसभर वडिलांबरोबर रिक्षावर. रात्री तो हातात येतो तेव्हा दहा बाय दहाच्या खोलीत सगळ्यांची अंथरुणं पडलेली असतात, दिवा मालवायचा असतो. पहाटे पाणी येतं, ते भरायलाही तीच उठते. तिने व्हिडिओ बघायचा कधी?

राहिली गुणवत्ता. इंजिनिअरिंगची यादी लागते सीईटी या प्रवेश परीक्षेच्या पर्सेंटाइलवर. क्लासला पैसे मोजणारा आणि न मोजणारा त्या यादीत शेजारी बसतात, पण तयारी सारखी नसते.

असे मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी वॉर्ड ऑफिसला एक पत्रही पाठवावं: पालिकेच्या प्रत्येक शाळेत दहावीपर्यंत वर्ग हवेत, आणि वस्तीत रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी, मुलींना निर्धास्त बसता येईल अशी अभ्यासिका हवी.