लुडविगच्या लग्नाला यायचं हं!

ऑक्टोबरफेस्टला, म्हणजे बिअरच्या जत्रेला, जर्मनीला चाललोय, हे आईला सांगायची माझी हिंमत नव्हती. माझं वय चौपन्न, तिचं त्र्याऐंशी, आणि दोघांत बिघडायला अजून वाव फक्त मला आहे असं तिचं ठाम मत. म्हणून म्हणालो, "आई, आम्ही एका लग्नाला चाललोय. म्युनिकला."

"कोणाच्या रे?"

"लुडविगच्या."

"तुझ्या ऑफिसातला का तो?"

"नाही गं. राजघराण्यातला आहे. बव्हेरियाचा युवराज."

आईने चष्मा वर करून भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. साल २०२४, तारखा सप्टेंबरच्या अखेरच्या. "पितृपक्षात? पितृपक्षात कसलं आलंय लग्न? त्यांच्यात चालतं वाटतं!"

मी खोटं बोलत नव्हतो. फक्त लग्नाची तारीख सांगायची राहिली होती, १२ ऑक्टोबर १८१०. युवराज लुडविग आणि थेरेझा यांचं लग्न लागलं आणि त्या आनंदात म्युनिकच्या वेशीबाहेरच्या कुरणावर घोड्यांची शर्यत झाली. लोकांना इतकी मजा आली की पुढच्या वर्षी पुन्हा भरवली, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. युद्धं, साथी असले अपवाद सोडले तर त्या लग्नाचा मांडव अजून उतरलेला नाही. तोच हा ऑक्टोबरफेस्ट. कुरणाला नवरीचं नाव दिलं, थेरेझिएनवीझं. म्युनिककर लाडाने नुसतं 'वीझन' म्हणतात. सुनेच्या नावाचं मैदान म्हटल्यावर आईने माझ्या बायकोकडे एकदा बघून घेतलं.

"संसार झाला का नीट पुढे?"

नऊ मुलं झाली, हे मी सांगितलं. पुढे राजा झाल्यावर लोला मोन्तेझ नावाच्या नर्तकीपायी शहरात दंगे उसळले आणि १८४८ मध्ये गादी सोडावी लागली, हे पोटात ठेवलं.

"आणि प्यायला काय असतं लग्नात?"

"बार्लीचं पाणी."

"पी हो. उन्हाळी लागते तुला."

१५१६ च्या बव्हेरियन फर्मानानुसार बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी याखेरीज काही घालायला बंदी होती. म्हणजे इथेही मी खोटं बोललो नाही.

खरी कसोटी पुढेच होती. 'म्युनिक चलो' असा ग्रुप निघाला तेव्हा आम्ही अकरा जण होतो. अकरा ही संख्या मला शुभ वाटली, कारण तिथल्या बिअरच्या मोठ्या तंबूंत आरक्षण माणसाचं होत नाही, टेबलाचं होतं, आणि टेबल दहा जणांचं असतं. त्यात माणशी दोन लिटर बिअर आणि अर्धी कोंबडी यांची कुपनं आधीच गळ्यात मारतात. एक जण गळणार हे मी धरूनच चाललो होतो. मी निवृत्तीला टेकलेला हिशेबनीस. गळती, तूट, घसारा हे धरूनच चालतो.

पहिला गळला तो माझा शाळेतला मित्र. त्याने ऑफिसातून १२ ते २० ऑक्टोबर रजा मंजूर करून घेतली होती. "ऑक्टोबरफेस्ट ऑक्टोबरमध्ये नसतो?" या त्याच्या प्रश्नाला जगात कुणाकडेच लाजिरवाणं नसलेलं उत्तर नाही. थंडीला भिऊन जर्मनांनी तो एकोणिसाव्या शतकातच सप्टेंबरात सरकवला. नाव तेवढं सरकवायचं राहिलं. आता तो सप्टेंबरच्या मध्यानंतरच्या शनिवारी सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारच्या आसपास संपतो. २०२४ ला २१ सप्टेंबर ते ६ ऑक्टोबर. मित्राने ती रजा मग घराच्या रंगकामाला वापरली.

दुसऱ्याच्या मुलीची परीक्षा निघाली, तिसऱ्याचा गुडघा. चौथ्याला नवरात्र आडवं आलं, पाचव्याला पितृपक्ष. म्हणजे पंचांगाने आमचा सोळा दिवसांचा उत्सव दोन्ही बाजूंनी कुरतडला. साडूंचं मात्र मला कौतुक आहे. त्यांनी कारण दिलं नाही, हिशेब दिला. एक लिटरचा मग १३.६० ते १५.३० युरो, त्यावर टिप, युरोचा भाव नव्वदच्या वर, म्हणजे घोट साधारण पस्तीस रुपयांना. "एका घोटात मी इथे दोन चहा पितो," असा मेसेज टाकून ते ग्रुपमधून बाहेर पडले. त्यांच्या पाठोपाठ तिघे न बोलता गेले.

उरलो दोघं, मी आणि ही. दहाच्या टेबलाला दोन माणसं.

तरीही मी तंबूवाल्यांना पत्रं लिहिली. उत्तरं अदबीची होती. जुन्या गिऱ्हाइकांचा हक्क आधी, संध्याकाळची टेबलं केव्हाच गेली. दलाल दहापट भावाने विकतात म्हणे, पण तसल्यांकडून घेऊ नका असं खुद्द म्युनिक महापालिकाच बजावते. खूप वाचल्यावर एक गोष्ट कळली, आणि कुणी जाणार असेल तर एवढी लक्षात ठेवा. प्रवेश फुकट आहे, प्रत्येक मोठ्या तंबूत काही टेबलं बिनआरक्षणाची ठेवावीच लागतात, आणि बूड टेकायला जागा मिळाल्याशिवाय कोणी बिअर देत नाही. पुण्यात लग्नाच्या पंगतीत जेवणाऱ्याच्या पाठीशी उभं राहून जागा पकडायची असते, त्याचंच हे मोठं रूप. कामाच्या दिवशी सकाळी गेलं तर मात्र बाकं मोकळी असतात. मी मंगळवार २४ सप्टेंबर नक्की केला. दुसरा शनिवार-रविवार तर चुकूनही धरायचा नाही. त्याला इटालियन वीकेंड म्हणतात आणि अर्धी इटली आल्प्स ओलांडून येते.

हॉटेलं हा विषय मी थोडक्यात आवरतो, कारण आठवलं की छातीत धडधडतं. म्युनिकमध्ये त्या पंधरवड्यात खोलीचे दर तिप्पट होतात. आम्ही आउग्सबुर्गला उतरलो, लोकलगाडीने पाऊण तासावर. डोंबिवलीत राहून फोर्टात नोकरी केलेल्या माणसाला पाऊण तास म्हणजे शेजारच्या खोलीत जाणं.

मग व्हिसा. शुल्क ९० युरो, तीस हजार युरोंचा आजारपणाचा विमा, आणि पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटरचा फोटो, ज्यात मी कुठल्या तरी बँकेला बुडवून पळालोय असाच दिसतो. खरी अडचण होती प्रवासाचा हेतू लिहिण्याची. आपल्याकडे दारूबंदी कायद्याखाली जो परवाना मिळतो तो प्रकृतीस्वास्थ्यासाठी मिळतो; महाराष्ट्रात माणूस चैन म्हणून पीतच नाही, औषध म्हणून पितो. तसंच काहीतरी भारदस्त लिहावं असं मला वाटत होतं. 'बव्हेरियन लोकसंस्कृतीचा अभ्यास' असं लिहून नेलं. काउंटरवरच्या मुलीने तारखा पाहिल्या, माझ्या पोटाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "काका, पर्यटन लिहा. सगळे तेच लिहितात."

यानंतर हिने सूत्रं हातात घेतली. कारण नियम आला पर्सचा. तीन लिटरपेक्षा मोठी पिशवी आत न्यायला बंदी. वीस सेंटिमीटर बाय पंधरा बाय दहा.

"पर्स लिटरमध्ये कशी मोजतात?" मी विचारलं.

ही स्वयंपाकघरात गेली. दुधाचं लिटरचं स्टीलचं माप आणलं, तांदळाचा डबा आणला आणि रोजच्या काळ्या पर्समध्ये आंबेमोहोर ओतायला लागली. एक माप. दोन. तीन. पर्सने तोंडसुद्धा मिटलं नाही. चौथं अर्धं गेलं तेव्हा शीग आली. "साडेतीन. बाद." मग भाचीच्या लग्नात मिळालेली पैठणीच्या काठाची छोटी पर्स आणली. तिच्यात सव्वादोन मापं बसली. "पास," ती म्हणाली आणि पर्स परातीत उलटी करून झटकली. मोजमाप या विषयात मी चौतीस वर्षं पगार घेतला, पण हे मला सुचलं नसतं.

दुसरी तयारी माझी. काचेचा रिकामा मग सव्वा किलोच्या पुढे, त्यात लिटरभर बिअर, म्हणजे उचलायचे सुमारे सव्वादोन किलो. आणि तो एका हाताने धरतात. हात सरळ ताणून मग कोण जास्त वेळ धरतो याच्या बव्हेरियात चक्क स्पर्धा होतात. घरातला लोखंडी खलबत्ता वजनाला जुळला. रोज रात्री मी तो ताणल्या हाताने धरून उभा राहायचो. तेविसाव्या सेकंदाला हात थरथरायला लागायचा. एकदा हिचा फोन वाजला. "द्या इकडे, फरशी फुटेल," म्हणून तिने खलबत्ता माझ्या हातातून घेतला आणि तो तसाच हातात धरून बहिणीशी सात मिनिटं बोलली.

पोशाखाचा प्रश्न निघालाच नाही. तिथे पुरुष चामड्याची अर्धी चड्डी घालतात, बायका डिर्न्डल नावाचा एप्रनवाला झगा. चांगल्या चड्डीची किंमत ऐकून ही म्हणाली, "एवढ्यात सेमी-पैठणी येते, आणि ती गुडघ्याच्या खाली जाते." डिर्न्डलच्या एप्रनची गाठ डावीकडे म्हणजे कुमारी, उजवीकडे म्हणजे लग्न झालेली, हे मी तिला कौतुकाने सांगितलं. तिने मंगळसूत्र वर काढून दाखवलं. "याला डावं-उजवं काही नसतं."

बाबांची तिथी आटोपली आणि त्या शनिवारी रात्री आम्ही निघालो.

मंगळवारी सकाळी नऊची गाडी धरली. बव्हेरिया तिकिटाला, म्हणजे राज्यभर चालणाऱ्या दिवसाच्या पासाला, आठवड्याच्या दिवशी नऊच्या आधी प्रवास चालत नाही आणि तंबूत दहाला बिअर सुरू होते, म्हणजे रेल्वे आणि तंबूवाले यांचं आपसात ठरलेलं असावं. थेरेझिएनवीझं स्टेशनवर उतरायचं नाही, तिथे चेंगराचेंगरी. त्याऐवजी हाकरब्र्युकं स्टेशनला उतरून गर्दीमागे चालायचं. चुकामूक झालीच तर अठरा मीटरच्या बव्हेरिया पुतळ्याच्या पायाशी भेटायचं. पुतळ्याजवळच्या टेकडीवर मात्र नाही. तिथे दुपारनंतर हरलेली माणसं आडवी पडलेली असतात आणि त्या उताराला म्युनिककरांनी जे नाव ठेवलंय ते ओकारीवरून आलंय.

दाराशी पहारेकरी होता, हातात धातुशोधक. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. हिची पर्स उघडायला लावली, आत बोटं घातली आणि चिमटीत काहीतरी धरून वर काढलं. आंबेमोहोर. चार दाणे. तो दाण्यांकडे बघत राहिला.

"राइस," ही म्हणाली. त्याने मान हलवली, दाणे परत पर्समध्ये टाकले आणि 'जा' अशी खूण केली.

आम्ही ऑगस्टिनर या बिअरवाल्यांचा तंबू निवडला होता, कारण तिथे बिअर अजून लाकडी पिंपांतून काढतात. आत गेल्यावर आधी वास आला तो भाजलेल्या कोंबड्यांचा, आणि आईला दिलेला शब्द आठवला. सर्वपित्रीपर्यंत सामिष नाही. मग चीज घातलेले श्पेट्झलं मागवले, म्हणजे जर्मन शेवया म्हणा, आणि ताटाएवढा ब्रेत्सन, म्हणजे पीळ घातलेला खारा पाव. समोर एक आजोबा-आजी बसले होते, हिरव्या टोप्या, शांत. वाढणारी बाई दोन्ही हातांत मिळून दहा मग छातीशी धरून आली. हिने तिच्या मनगटांकडे बघितलं. एका कारागिराने दुसऱ्या कारागिराकडे बघावं तसं.

मी पाठ केलेलं जर्मन काढलं. लिटरच्या मगला तिकडे 'मास' म्हणतात. पहिला मास पाऊण तासात गेला. दुसऱ्यासाठी 'नॉख अ मास', म्हणजे 'आणखी एक मास', म्हणताना माझ्या लक्षात आलं, हा अधिक मास. मी ते हिला सांगितलं आणि एकटाच पाच मिनिटं हसलो. ही बिअर हवी तेवढी थंड नाही म्हणाली, पण मग मात्र तिने एका हाताने सहज उचलला, माझ्याकडे बघितलं, आणि खलबत्त्याचं नाव काढलं नाही.

बँडवर 'आइन प्रोझिट' हे मग उंचावायचं गाणं सुरू झालं. सगळा तंबू उठून उभा. मगचा काठ नाही, बुडाची जाड बाजू टेकवायची, आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. माझ्या मिशीला फेस लागला म्हणून हिने रुमालासाठी पर्स उघडली, आणि मग हात तसाच पर्समध्ये ठेवून थांबली.

"अहो, लग्नाचाच मांडव ना हा?"

"दोनशे चौदा वर्षांपूर्वीचा."

तिने दोन दाणे माझ्या तळहातावर ठेवले, दोन स्वतःच्या. बँडचा शेवटचा ठोका पडला आणि आम्ही ते उडवले. तीन कुठे गेले देव जाणे. चौथा समोरच्या आजोबांच्या फेसावर उतरला. त्यांनी दाण्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आजींना काहीतरी सांगितलं, आणि मग दाण्यासकट मोठा घोट घेतला.

तेवढ्यात फोन वाजला. पुण्यात दुपारचे साडेतीन, आईची वामकुक्षी संपली होती. मागचा गलका तिला ऐकू गेला.

"लागलं का रे लग्न?"

"लागलं, आई. पंगत बसलीये."

"मग आहेर काय केलास?"

मी टेबलावरच्या तीन मगांकडे बघितलं, मनात नव्वदने गुणलं, आणि म्हणालो, "आई, आवाज नीट येत नाहीये गं."