कपाळावरचा वळ

आज एका बैठकीत एका गृहस्थांनी २०२० मधल्या, कोविडच्या काळात घरच्या घरी वैद्यकीय साधने बनवण्याच्या आमच्या खटाटोपाला 'घरबसल्यांचा विरंगुळा' म्हटले आणि सगळे हसले. मीही हसले, याचाच आता जास्त राग येतो आहे.

त्या दिवसांत माझा थ्रीडी प्रिंटर रात्रंदिवस फेस शील्डच्या पट्ट्या छापत होता. आराखडा माझा नव्हता. प्रागच्या प्रुसा कंपनीने तो मार्चमध्येच सर्वांसाठी खुला केला होता. पहिल्या वीस पट्ट्या जिथे दिल्या, तिथल्या परिचारिकेने दुसऱ्याच दिवशी एक परत आणली आणि काही न बोलता कपाळावरचा लाल वळ दाखवला. त्याच रात्री मी कपाळाला टेकणारी बाजू चार मिलिमीटरने रुंद केली, कडा गोल केल्या. कोणत्या निविदेत तो वळ मावला असता?

इटलीत कियारीच्या रुग्णालयातल्या, रुग्णाला हवा-ऑक्सिजनचे मिश्रण पुरवणाऱ्या व्हेंच्युरी झडपा संपल्या, तेव्हा फ्रकास्सी आणि रोमायोली या अभियंत्यांनी मूळ झडपेची मापे घेऊन तशाच झडपा छापून दिल्या. तो विरंगुळा होता? चार फिल्टर, एक पंखा आणि चिकटपट्टी यांतून उभी राहणारी कॉर्सी-रोझेंथाल पेटी वर्गखोल्यांची हवा गाळू लागली, तोही विरंगुळाच?

घरगुती व्हेंटिलेटरचे बहुतेक प्रयत्न रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचले नाहीत आणि ते बरेच झाले, कारण तिथे दाबाचा अंदाज चुकला तर फुप्फुसालाच इजा होते. मान्य.

चूक माझीही झाली होती. 'ही उकळत्या पाण्यात चालेल ना?' असे त्याच परिचारिकेने विचारले, तेव्हा मी बेधडक होकार दिला. माझ्याकडे होते ते पीएलए, थ्रीडी प्रिंटरमध्ये वापरतात ते प्लास्टिक, जे साठ अंशांच्या आसपासच मऊ पडते. घरी येऊन पट्टी पातेल्यात टाकली, तर ती वाळल्या पानासारखी मुडपली. धावत फोन केला, शब्द मागे घेतला, पुसून घेण्याजोगे जंतुनाशक कोणते हे तिलाच विचारून घेतले.

त्या गृहस्थांवरचा राग लिहिता लिहिता थोडा उतरला आहे. त्यांनी तो वळ पाहिलेला नाही, एवढेच. रुंद केलेली पट्टी सकाळी घेऊन गेले, तेव्हा तिने ती उभ्या उभ्याच डोक्याला लावली, मान दोनदा खाली-वर केली आणि विचारले, "उद्यापर्यंत आणखी किती होतील?"