"किचनमध्ये कोण बघणार आहे?"

सकाळी साडेसहाला दादरचं फूलमार्केट गाठलं. झेंडू आणि आंब्याचे डहाळे घेतले, लोकलमध्ये पिशवी डोक्यावर धरून उभी राहिले. घरी येऊन स्वयंपाकघराच्या चौकटीला तोरण बांधायला घेते तोच आमचे हे म्हणाले, "तिथे कशाला? कोण बघणार आहे?"

अहो, मी बघणार आहे! अनारशाचे तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलून कोणी भिजवले? हॉलमध्ये दिव्यांच्या माळा, माहीमच्या कंदील गल्लीतला कंदील, पाण्यात तरंगणाऱ्या पणत्या. आणि जिथे फराळ होतो तिथे डुगडुगणारी ट्यूबलाइट.

लालबागच्या चाळीत आमची एकच खोली होती. कडप्प्याचा ओटा, शेजारी मोरी. आई वसुबारसेला पितळी स्टोव्ह चिंचेनं घासायची, ओट्याच्या काठाला रांगोळीची बोटभर वेल काढायची आणि सोऱ्याच्या मुठीला एक झेंडू बांधायची. मगच चकलीचा पहिला घाणा. आम्ही पोरं हसायचो, सोऱ्याचं लग्न आहे म्हणून.

गॅसजवळ दिव्यांची माळ नको, मान्य. प्लास्टिकची फुलं तर नकोतच, तेलाचा थर बसला की धुऊनही निघत नाही. पण ताज्या फुलांचं तोरण, कोपऱ्यात रांगोळी, खिडकीत एक पणती, एवढ्याला काय हरकत? दसऱ्याला स्कूटरला हार लागतो, अगदी लॅपटॉपलाही हळदकुंकू. मिक्सरला कुणी एक फूल वाहिलं? तो तर बिचारा रोज राबतो! (रांगोळीचे स्टिकर सुचवणाऱ्यांनी कमेंट करू नये.)

असो. हे चिवडा झकास करतात, खोटं कशाला बोलू. मीठ मात्र मलाच बघावं लागतं.

लिहिताना आत्ता लक्षात आलं. दिवाळीला पाहुणे यायचे तेव्हा आई आमच्याकडे पाठ करून उभी असायची. तिच्या समोर फक्त ती भिंत, तो स्टोव्ह आणि तो झेंडू. पाडव्यापर्यंत तो वाळायचा. मग ती तो कुस्करून गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत टाकायची, आणि पुढे तिथे झेंडूची रोपं यायची.

सोऱ्याला झेंडू बांधून झालाय. तोरण अजून स्टुलावरच पडलंय. ते आता हेच बांधणार आहेत. नीट बघून.